माशाच्या बाजूने मांडलेला हिशेब

सोलापूर शहराला आणि जिल्ह्यातील शेतीला पाणी पुरवणारे उजनी धरण सर्वांच्या परिचयाचे आहे. भीमा नदीवर माढा तालुक्यात बांधलेले हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला ‘यशवंतसागर’ असे नाव आहे. जलाशय पूर्ण भरला की सुमारे तीनशे चौरस किलोमीटर क्षेत्रावर पाणी पसरते आणि करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांपर्यंत पोहोचते. याच पाण्याच्या संदर्भात २०१८-१९ च्या सुमारास एक नवी कल्पना पुढे आली. जलाशयाच्या पृष्ठभागावर सौर पॅनेल तरंगती ठेवून एक हजार मेगावॉट वीज निर्माण करावी, असा प्रस्ताव महावितरणने मांडला.

प्रस्ताव पुढे जाओ वा न जाओ, त्याच्या निमित्ताने एक मूलभूत प्रश्न विचारण्याजोगा आहे. अशा प्रकल्पाने जलाशयातील माशांवर आणि शिंपल्यांवर काय परिणाम होईल?

तोंडी हिशेब करून पाहू. एक मेगावॉटच्या तरंगत्या प्रकल्पाला ढोबळमानाने एक हेक्टर जागा लागते. एक हजार मेगावॉटला एक हजार हेक्टर, म्हणजे दहा चौरस किलोमीटर. तीनशेपैकी दहा, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. “एवढ्याशा सावलीने काय बिघडणार?” असे कोणीही म्हणेल. अंकगणित म्हणून हे उत्तर बरोबर आहे. मात्र जीवशास्त्र म्हणून ते अपुरे आहे. ते का अपुरे आहे आणि पुरेसे उत्तर कसे शोधतात, हे या लेखात पाहायचे आहे. या शोधाला ‘एकत्रित परिणामांचे मूल्यमापन’ असे म्हणतात.

समुद्रातील पवनचक्क्यांचा धडा

पाण्यात ऊर्जाप्रकल्प उभे करताना हा प्रश्न जगात सर्वांत ठळकपणे पुढे आला तो युरोपात, उत्तर समुद्राच्या परिसरात. डेन्मार्कने १९९१ साली विंडेबी येथे समुद्रातील पहिले पवन-विद्युत केंद्र उभारले. त्यात फक्त अकरा पवनचक्क्या होत्या. २०१७ मध्ये आयुष्य संपल्यामुळे ते काढून टाकण्यात आले. पण त्या अकरांच्या जागी आज युरोपच्या समुद्रांत हजारो पवनचक्क्या उभ्या आहेत.

एका पवनचक्कीचा जलचरांवर परिणाम कसा होतो? पायासाठी पोलादाचा प्रचंड नळ घणाचे ठोके देत समुद्रतळात ठोकतात. त्या आवाजाच्या लहरी पाण्यातून दूरवर जातात. ज्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, त्या कॉडसारख्या माशांना हा दाब विशेष जाणवतो. जर्मनीने म्हणूनच ठोकण्याच्या जागेपासून ७५० मीटरवर एका ठोक्याच्या आवाजाची पातळी १६० डेसिबलच्या वर जाऊ नये, असा दंडक घातला. तो पाळण्यासाठी नळाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात. पुढे वीज वाहून नेणाऱ्या केबलींभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. मुशी आणि पाकट या माशांना अतिशय क्षीण विद्युतक्षेत्र ओळखणारी इंद्रिये असल्यामुळे त्यांच्यावर काय परिणाम होतो, हे तपासावे लागते.

परंतु सगळेच परिणाम वाईट नसतात. वाळूच्या तळावर उभा केलेला खांब हा जलचरांच्या दृष्टीने एक नवा खडकच असतो. त्यावर शिंपले दाटीने चिकटतात, त्यांच्या आश्रयाने खेकडे येतात, त्यांना खाण्यासाठी मासे जमतात. खांबांच्या मध्ये तळ खरवडणारी मोठी जाळी ओढता येत नाहीत, म्हणून माशांना आसराही मिळतो. त्याच वेळी तेथून हटलेल्या नौका दुसरीकडे जातात आणि तेथील मासेमारीचा ताण वाढतो.

प्रत्येक केंद्राच्या अहवालात “परिणाम स्थानिक व अल्पकालीन” असे लिहिले जाई, आणि ते बहुधा खरेही असे. अडचण निराळी होती. मासा एका केंद्राच्या कुंपणात राहत नाही. अंडी घालायची जागा, पिल्ले वाढण्याची जागा आणि चरण्याची जागा यांच्यामध्ये तो शेकडो किलोमीटर फिरतो. वाटेत त्याला दहा केंद्रे भेटतात, मासेमारीची जाळी भेटतात, तापत चाललेला समुद्र भेटतो. दहा अहवालांनी दहा वेळा “थोडेसे” म्हटले, तरी त्या माशाला सोसावे लागणारे ओझे किती, हे एकाही अहवालात लिहिलेले नसते. म्हणून शास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा केला. ‘या प्रकल्पाचा परिणाम किती?’ याऐवजी ‘या माशावर एकूण भार किती, आणि त्याची आणखी सोसण्याची शक्ती किती उरली?’ असे विचारायला सुरुवात झाली.

हा धडा आपल्यालाही लवकरच उपयोगी पडणार आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ प्रत्येकी पाचशे मेगावॉटच्या समुद्री पवन-प्रकल्पांसाठी अर्थसाहाय्याची योजना मंजूर केली. पण समुद्र दूर असलेल्या सोलापुरात बसूनही हा उलटा प्रश्न विचारता येतो. त्यासाठी उजनीसारखे दुसरे उदाहरण शोधून सापडणार नाही.

भार आधीपासूनच आहे

सौर पॅनेल येण्यापूर्वी उजनीच्या माशावर कोणकोणते भार आहेत, ते क्रमाने मोजू.

पहिला भार धरणाचा. वाहत्या नदीचे स्थिर जलाशयात रूपांतर झाले. खळाळत्या, खडकाळ पाण्यात राहणाऱ्या जातींना ही जागा मानवत नाही. महसीर मासा अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतो. त्याची वाट अडते. याहून लांबचा प्रवास अहिर या सापासारख्या लांबट माशाचा आहे. तो वाढतो नदीत, पण अंडी घालतो समुद्रात. भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात असा त्याचा मार्ग. त्या मार्गावर उजनी, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा उभे आहेत.

दुसरा भार सांडपाण्याचा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांचे पाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. त्यात नत्र आणि स्फुरद यांची संयुगे भरपूर असतात. शेतांतून धुपून येणारी रासायनिक खते त्यात भर घालतात. या खुराकावर हिरवे शेवाळ आणि जलपर्णी माजते.

तिसरा भार परक्या माशांचा. ज्याला उजनीच्या काठावर ‘चिलापी’ म्हणतात तो तिलापिया मूळचा आफ्रिकेतील. भारतात तो १९५२ साली आणला गेला. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले जगण्याचे प्रमाण मोठे. कमी ऑक्सिजनमध्येही हा मासा तग धरतो. उजनीच्या जाळ्यांत आज त्याचेच राज्य आहे. अलीकडच्या वर्षांत घरगुती काचपेटीतून सुटलेला, दक्षिण अमेरिकेतील खवल्यांच्या चिलखताचा ‘सकर’ मासाही येथे सापडू लागला आहे. येथे एक गोष्ट सांगायला हवी. कटला, रोहू, मृगळ हे आपण ‘देशी’ समजतो ते मासेही मूळचे उत्तरेतील गंगेसारख्या नद्यांचे आहेत. जलाशयाच्या स्थिर पाण्यात त्यांची वीण नीट होत नाही, म्हणून त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, बाहेरून आणून सोडावी लागतात.

चौथा भार जाळ्यांचा. जाळ्याच्या आसाचा आकार मोठा असेल तर लहान मासे निसटतात आणि एकदा तरी अंडी घालू शकतात. बारीक आसाच्या जाळ्यात बोटुकलीही सापडतात. सोडलेले बीज वाढण्यापूर्वीच संपते.

पाचवा भार पाण्याच्या पातळीचा. उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट, म्हणजे ११७ टीएमसी आहे. त्यापैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, हा मृतसाठा आहे. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याच्या खाली उतरले की वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे’ असे मथळे येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. पाणी ओसरते तशी माशांची वस्ती आक्रसते. उथळ काठ, जेथे चिलापी घरटी करते आणि शिंपले गाळात रुतून बसतात, तो उघडा पडतो.

या पाच भारांवर सौर पॅनेल हा सहावा भार ठरेल, किंवा कदाचित काही बाबतींत भार हलका करणारी गोष्टही ठरेल. ते ठरवण्यासाठी भारांची बेरीज कशी करायची, हे कळले पाहिजे.

बेरीज, गुणाकार आणि वजाबाकी

वर्गात फळ्यावर करून दाखवण्याजोगे एक गणित पाहा. समजा, एखाद्या माशाची संख्या १००० आहे आणि पाच वेगवेगळ्या कारणांपैकी प्रत्येक कारण उरलेल्यांतील दहा टक्के मासे कमी करते. पहिल्यानंतर ९०० उरले, दुसऱ्यानंतर ८१०, मग ७२९, मग ६५६ आणि शेवटी सुमारे ५९०. प्रत्येक कारणाचा धनी “माझ्यामुळे फक्त दहा टक्के” असे म्हणेल आणि ते खरे असेल. तरीही चाळीस टक्क्यांहून अधिक मासे गेलेले असतील.

अहिर माशाचे गणित याहून कठोर आहे. समजा, वाटेतील प्रत्येक अडथळा निम्म्या माशांना जाऊ देतो. हे अडथळ्याचे औदार्यच म्हणायचे. तरी पाच अडथळ्यांनंतर बत्तिसात एक मासा पार होतो. चार अडथळे आधीच असताना पाचवा बांधणाऱ्याने स्वतःचा परिणाम ‘पन्नास टक्के’ असा दाखवला, तर आकडा बरोबर असूनही चित्र चुकते.

येथपर्यंत प्रत्येक कारण स्वतंत्रपणे काम करते असे आपण धरले. निसर्गात कारणे एकमेकांना हात देतात. उजनीसारख्या पाण्यात याचे उत्तम उदाहरण अमोनियाचे आहे.

सांडपाण्यातील अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक विद्युतभारित अमोनियम आयन, जो माशाला फारसा अपाय करत नाही. दुसरा भाररहित अमोनिया, जो कल्ल्यांतून सहज शरीरात शिरतो आणि विषारी असतो. या दोन रूपांचे प्रमाण पाण्याचा सामू आणि तापमान यांवर ठरते. तापमान २५ अंश सेल्सिअस आणि सामू ७ असेल तर विषारी रूप अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त असते. सामू ८ झाला की ते पाच टक्क्यांच्या वर जाते आणि सामू ९ झाला की ३६ टक्क्यांवर. तापमान ३० अंश असेल तर सामू ९ ला ते सुमारे ४५ टक्के होते.

आता पाण्याचा सामू वाढवतो कोण? शेवाळच. दुपारच्या उन्हात प्रकाशसंश्लेषण जोरात चालू असताना शेवाळ पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, पाण्याची आम्लता घटते आणि सामू चढतो. दाट शेवाळाच्या पाण्यात तो ९ च्या आसपास जाणे नवलाचे नाही. म्हणजे साखळी अशी झाली: सांडपाण्याने अमोनियाही आणला आणि शेवाळाला खुराकही दिला, शेवाळाने सामू वाढवला, उन्हाळ्याने तापमान वाढवले, आणि सांडपाण्यात अमोनियाचा एक कणही न वाढता त्याचे विषारी रूप साठपटींहून अधिक झाले. सांडपाणी, शेवाळ आणि ऊन यांचे तीन स्वतंत्र अहवाल लिहिले तर ही साखळी एकातही दिसणार नाही.

ऑक्सिजनचेही असेच आहे. समुद्रसपाटीला २० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात एका लिटरमध्ये सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅम. उंचीमुळे आपल्याकडे तो याहूनही थोडा कमी. उलट, मासा थंड रक्ताचा असल्यामुळे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. पुरवठा घटतो तेव्हाच मागणी वाढते. त्यात रात्रभर शेवाळही श्वसनासाठी ऑक्सिजन वापरते. म्हणून मासे पहाटेच्या वेळी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. दुपारी घेतलेल्या नमुन्यात मात्र ऑक्सिजन भरपूर आढळतो. नमुना कोणत्या वेळी घेतला, यावरही निष्कर्ष बदलतो तो असा.

तिसरा प्रकार वजाबाकीचा. एक परिणाम दुसऱ्याला कमी करतो. पॅनेलच्या सावलीत शेवाळाला प्रकाश कमी मिळतो. शेवाळ घटले तर दुपारचा सामू फार चढणार नाही. पाण्याची वाफ होण्याचे प्रमाण कमी होते, हाही फायदाच. पण त्याच सावलीत प्रकाशसंश्लेषणातून मिळणारा ऑक्सिजनही घटतो. पॅनेल वाऱ्याला पाण्यापर्यंत पोहोचू देत नाहीत, त्यामुळे वरचे आणि खालचे पाणी कमी मिसळते आणि तळाशी ऑक्सिजनची टंचाई होऊ शकते. म्हणजे एकाच पॅनेलच्या परिणामापुढे अधिक चिन्हही लागू शकते आणि उणे चिन्हही. ते कोणते, हे खोली, ऋतू, वारा आणि सांडपाण्याचे प्रमाण यांवर ठरेल. नुसते क्षेत्रफळ पाहून ते सांगता येत नाही.

शिंपल्याचे उशिरा कळणारे दुखणे

एकत्रित परिणाम दिसायला वेळ लागतो, हे गोड्या पाण्यातील शिंपल्याइतके चांगले कोणी शिकवत नाही. नदीच्या गाळात अर्धवट रुतून राहणारा हा प्राणी पाणी गाळून त्यातील सूक्ष्म अन्नकण खातो. त्याची अळी डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी असते. बहुतेक जातींत ही अळी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटते, काही दिवस वा आठवडे तेथे राहते, तेथेच तिचे रूपांतर होते आणि मग पिल्लू गळून तळाशी पडते. जागचा न हलणारा शिंपला माशाच्या पाठीवर बसून नदीत वर जातो, असे म्हणायला हरकत नाही.

यातील मेख अशी की, अळीला कोणताही मासा चालतोच असे नाही. ज्या देशी माशांवर ती वाढू शकते ते नाहीसे झाले, तर शिंपल्याची नवी पिढी थांबते. पण जुने शिंपले अनेक वर्षे जगतात. पाहणी करणाऱ्याला तळाशी शिंपले भरपूर दिसतात आणि तो ‘सर्व ठीक’ असे लिहितो. प्रत्यक्षात ती म्हाताऱ्यांची वस्ती असते. म्हणून शिंपल्यांची केवळ संख्या मोजून भागत नाही. लहान शिंपले आहेत का, हे पाहावे लागते. शिवाय शिंपल्यांची पिल्ले अमोनियाला विलक्षण संवेदनक्षम असतात. अमेरिकेने २०१३ साली गोड्या पाण्यातील अमोनियाची मर्यादा अधिक कडक केली, त्यामागे शिंपल्यांवरील प्रयोग हे मुख्य कारण होते.

माशांच्या बाबतीतही मोजण्याचे एकक काळजीपूर्वक निवडावे लागते. भिगवण-इंदापूरच्या बाजारात येणाऱ्या मासळीचे एकूण वजन घटले नाही, म्हणून जलाशय निरोगी आहे असे ठरत नाही. दहा जातींची जागा एकट्या चिलापीने घेतली तरी वजन तेवढेच राहू शकते.

मुळात किती होते?

भार किती वाढला हे सांगायचे तर भार नसताना काय होते, हे माहीत हवे. याला आधाररेषा म्हणू. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेली स्थिती हीच मूळ स्थिती समजते. पुढची पिढी त्याहून खालावलेल्या स्थितीपासून मोजायला सुरुवात करते. अशी आधाररेषा हळूहळू खाली सरकते आणि केवढे गमावले ते कोणालाच कळत नाही.

आपल्या सुदैवाने भीमेच्या खोऱ्यात जुनी नोंद उपलब्ध आहे. मुंबई इलाख्याच्या लष्करातील कर्नल विल्यम साईक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ ते १८४१ या काळात प्रसिद्ध केले. अनेक जातींना त्यांनी स्थानिक नावांवरूनच शास्त्रीय नावे दिली. ‘टॉर खुद्री’ हे महसीरचे नाव त्यांपैकीच, आणि त्याचा नमुना पुण्याच्या मुळा-मुठेतील होता. पुढे १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दिली. नंतरच्या काळात पुण्यातील अभ्यासकांनी या जुन्या याद्या नव्या नोंदींशी ताडून पाहिल्या. त्यात काही देशी जाती दिसेनाशा झाल्याचे आणि परक्या जातींची भर पडल्याचे आढळले. म्हणजे उजनीतील तरंगत्या पॅनेलचा परिणाम ‘आजच्या’ माशांशी तुलना करून मोजला, तर आपण आधीच खाली सरकलेल्या रेषेपासून मोजत असू.

सव्वातीन टक्क्यांकडे पुन्हा

आता सुरुवातीच्या हिशेबाकडे वळू. एकत्रित परिणामांच्या मूल्यमापनात साधारण सहा पायऱ्या असतात. कोणत्या जीवांसाठी हिशेब मांडायचा ते ठरवणे; त्या जीवाच्या जीवनक्रमानुसार क्षेत्र आणि काळ यांची मर्यादा आखणे; झालेले, चालू असलेले आणि होऊ घातलेले सर्व भार मोजणे; ते कोणत्या वाटेने त्या जीवापर्यंत पोहोचतात ते शोधणे; आधाररेषा आणि सहनमर्यादा ठरवणे; आणि प्रकल्पानंतर वर्षानुवर्षे मोजमाप चालू ठेवणे.

दुसरी पायरी लावताच सव्वातीन टक्के बदलतात. ही टक्केवारी पूर्ण भरलेल्या जलाशयाची आहे. मासा मे महिन्यातही तेथेच राहतो. पाणी ओसरून समजा पसारा शंभर चौरस किलोमीटर उरला, तर त्याच पॅनेलखाली दहा टक्के पाणी येते. शिवाय पॅनेल काठावर ठेवता येणार नाहीत, कारण काठ कोरडा पडतो. ती वर्षभर पाणी राहणाऱ्या खोल भागातच नांगरावी लागतील. आणि उन्हाळ्यात मासे गोळा होतात तेही त्याच खोल भागात. म्हणजे प्रश्न क्षेत्रफळाच्या सरासरीचा नसून वर्षातील सर्वांत कठीण महिन्याचा आणि त्या महिन्यात उरलेल्या आसऱ्याचा आहे.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पॅनेलखाली जाळी टाकता येणार नाहीत, म्हणून तो भाग माशांसाठी अभय ठरू शकेल. मात्र तेथून हटलेल्या होड्या उरलेल्या पाण्यात येतील. भोई समाजातील आणि धरणात जमिनी गेलेल्या अनेक कुटुंबांची रोजी या पाण्यावर आहे. तेव्हा माशाचा हिशेब मांडताना माणसाचाही मांडावा लागतो. दुसरीकडे, सोलापूरजवळ फताटेवाडी येथील १३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्रही उजनीचेच पाणी वापरते. सौर वीज वाढून कोळशाची वीज घटली तर पाणी वाचेल, हेही याच ताळेबंदात लिहायला हवे. एकत्रित मूल्यमापन म्हणजे विकासाला विरोध नव्हे. पॅनेल कोठे ठेवावीत, त्यांच्यामध्ये किती मोकळे पाणी सोडावे, विणीच्या काळात काय टाळावे, आणि आधीच्या पाच भारांपैकी कोणता कमी केला तर सहाव्याला जागा होईल, हे त्यातून कळते. पुण्याचे सांडपाणी नीट शुद्ध झाले तर उजनीचा मासा पॅनेलची सावली सहज सोसेल, असाही निष्कर्ष निघू शकतो.

आपल्याकडे हा विचार कायद्याच्या कक्षेत हळूहळू येत आहे. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाची पहिली अधिसूचना १९९४ ची, तिची जागा घेणारी २००६ ची. दोन्हींचा भर एकेका प्रकल्पावर आहे. सौर विद्युत प्रकल्पांना तर २००६ च्या अधिसूचनेखालील पूर्वमंजुरी लागतच नाही. उलट, उत्तराखंडात २०१३ च्या जूनमध्ये महापूर आल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने तेथील जलविद्युत प्रकल्पांच्या एकत्रित परिणामांचा तज्ज्ञांकडून अभ्यास करण्याचा आदेश त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिला. असा अभ्यास आपत्तीनंतर होण्याऐवजी आधी झाला तर तो स्वस्तही पडतो आणि उपयोगीही.

शाळेत काय करता येईल?

मूल्यमापनाचा कणा म्हणजे दीर्घकाळाची, एकाच पद्धतीने केलेली नोंद. आणि शाळा ही पिढ्यानपिढ्या टिकणारी संस्था आहे. जलाशयाच्या, नदीच्या किंवा गावतळ्याच्या काठच्या शाळांना पुढील तीन गोष्टी सहज करता येतील.

पहिली, आठवडे-बाजाराची नोंद. महिन्यातून एका ठरावीक दिवशी मासळीबाजारात जाऊन कोणत्या जाती आल्या, त्यांतील सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या माशाची लांबी किती, एवढेच वहीत लिहावे. पाच वर्षांची अशी वही ही मौल्यवान आधारसामग्री ठरते.

दुसरी, पाण्याची पारदर्शकता. वीस सेंटिमीटर व्यासाची पांढरी चकती दोरीला बांधून पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजावी. इटलीच्या अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरलेली ही पद्धत आजही प्रमाण मानली जाते. शेवाळ दाट असेल तर चकती लवकर नाहीशी होते. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, सुरक्षित धक्क्यावरून किंवा पुलावरूनच करावे. सोबत सामूदर्शक कागदाने सकाळी आणि दुपारी सामू तपासला, तर शेवाळाचा पाण्यावरील परिणाम विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.

तिसरी, आठवणींची नोंद. आजोबा-आजींना आणि जुन्या मासेमारांना त्यांच्या लहानपणी मिळणाऱ्या माशांची नावे विचारावीत. मरळ, वाम, शिंगटा यांच्याबरोबर काही अशी नावे निघतील की जी विद्यार्थ्यांनी कधी ऐकलेली नसतील. ती यादी आणि बाजाराची यादी शेजारी ठेवली की आधाररेषा किती सरकली ते वर्गातच दिसेल.

पुढे उजनीवर पॅनेल येवोत, काठावर नवा कारखाना येवो किंवा वरच्या अंगाला नवे शहर वसो, कोणीतरी “आमचा परिणाम अगदी थोडा” असे म्हणणारच. तेव्हा विद्यार्थ्यांनी एवढेच विचारावे, “कशाच्या तुलनेत थोडा, कोणत्या महिन्यात थोडा, आणि आधीच्या किती थोड्यांवर थोडा?” या तीन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मागण्याची सवय लागली, तर हिशेब माशाच्या बाजूने मांडायला आपण शिकलो असे म्हणता येईल.